पंडिता रमाबाई : दुष्काळातून मुक्तीकडे

एप्रिल महिना आला की पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा आणि मृत्यू ५ एप्रिल १९२२ चा. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या सदस्य नव्हत्या. अँग्लिकन पंथात त्यांचा स्नानसंस्कार झाला आणि पुढे कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या पुरत्या बसल्या नाहीत. तरीही पुणे धर्मप्रांतातील वाचकांनी हे चरित्र जाणून घ्यावे असे मनापासून वाटते. प्रभू येशूची ओळख त्यांना प्रथम पटली ती समाजाने टाकलेल्या स्त्रियांच्या एका आश्रयगृहात.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, त्यामुळे समाजाचा रोष ओढवला. गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला आणि तेथेच रमाबाई जन्मल्या. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे फिरू लागले. चालता चालता आईने मुलीला हजारो श्लोक मुखोद्गत करविले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास कोणी उरले नाही, आणि अंगमेहनतीचे काम या घराण्याला ठाऊक नव्हते. रानातला पाला आणि पाणी यांवर त्यांनी दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसेही मिळेनात. तेव्हा रमाबाईंनी स्वतः पुढे होऊन भार उचलला. आपण हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण वीस वर्षांनी तो पुन्हा त्यांच्यासमोर उभा राहणार होता.

भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या पायी भारतभर फिरल्या आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या भिन्न जातीच्या बंगाली वकिलांशी विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि कन्या मनोरमा अवघी दहा महिन्यांची.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपले काम पाहण्यास पाठविले. वाममार्गाला गेलेल्या म्हणून समाजाने दूर लोटलेल्या स्त्रियांची सेवा तेथे चालत असे. रमाबाईंनी शास्त्रे वाचली होती. अशा स्त्रियांना काय प्रायश्चित्त सांगितले आहे हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्यांना मायेने जवळ घेणारे कोणी त्यांनी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. संत योहानच्या शुभवर्तमानातील तो चौथा अध्याय रमाबाईंच्या अंतःकरणात रुतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा स्नानसंस्कार झाला. तरीही खरी मनःशांती लाभण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी स्वतः पुढे प्रांजळपणे नमूद केले आहे.

अमेरिकेतून मदत उभी करून त्या परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. आपला पुणे धर्मप्रांत तेव्हा चार वर्षांचा होता. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरले होते. मात्र रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. त्यांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पण दार बंद करून प्रार्थना करणे रमाबाईंना मानवले नाही. त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे झाली, हेही विसरता कामा नये.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. हाती पुरेसा पैसा नव्हता, तरी रमाबाई निघाल्या. भुकेने सुकलेल्या, वाटेत दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या मुली त्यांना दिसल्या. उपासमार काय असते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. सुमारे ३०० मुली आणायच्या असा त्यांनी निर्धार केला आणि त्या आणल्याही. इतक्यात पुण्यात प्लेगची साथ फैलावली व शहरात नवी माणसे ठेवण्यास बंदी झाली. पुण्याच्या पूर्वेस, लोहमार्गालगत केडगाव येथे त्यांनी फळबाग करण्यासाठी जमीन घेऊन ठेवली होती. सदनाचा खर्च बागेतून भागावा हा त्यामागचा हेतू. त्या माळावर राहुट्या ठोकून मुलींना उतरविले. तेच 'मुक्ती'. पुढे गुजरातच्या दुष्काळातूनही मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास आश्रमवासीयांची संख्या जवळजवळ २००० झाली.

एवढ्या जणींना जेवू घालायचे, आजारी असतील त्यांची शुश्रूषा करायची, आणि स्वतःच्या पायावर उभेही करायचे. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसविले, तेलघाणा आणि छापखाना चालविला. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकविली. फुलहॅमला पाहिलेले काम रमाबाईंनी कृपा सदनाच्या रूपाने येथे उभे केले. टाकलेल्या स्त्रियांना तेथे घर मिळाले.

आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे त्या मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील बायकांना ते उमगत नाही, ही त्यांची खंत. जिला विद्वानांनी सरस्वती म्हटले तिने साधे बोलीतले शब्द निवडीत हे काम केले. आश्रमातील मुलींनी त्याचे खिळे जुळविले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. भाषांतर पुरे झाले होते, पण संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला.