अमृतांजनवाले नागेश्वरराव



परिपाठात आपण रोज एका थोर व्यक्तीची ओळख करून देतो. खरं सांगायचं तर तीच दहा-बारा नावं फिरून फिरून येतात आणि मुलंही ती पोपटासारखी म्हणून दाखवतात. या वेळी मी असं नाव घेतलं जे माझ्या चौथीच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं, पण त्या माणसाने बनवलेली वस्तू निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी होती. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु. हे नाव शोधायला कारण झाली माझ्या वर्गातलीच एक मुलगी. तिच्याबद्दल शेवटी सांगते.

आधी तुम्हाला एक आठवण करून देते. मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात एक जुना दगडी पूल लागायचा. ब्रिटिशांच्या काळातला. त्याला सगळे अमृतांजन पूल म्हणायचे. एसटीत झोपलेल्या माणसालाही कुणीतरी हलवून सांगायचं, उठा, अमृतांजन पूल आला. पुलावर त्या बामची मोठी जाहिरात असायची, म्हणून हे नाव पडलं. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना, तो पूल पाडला. पूल गेला तरी नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. पण अमृतांजन हे औषध आपल्या मुंबईतच जन्माला आलं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला तरी नव्हतं. मी ते मद्रासचं समजत होते.

नागेश्वररावांचा जन्म १ मे १८६७ चा, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यातला. (१ मे ही तारीख मुलांना लगेच लक्षात राहते!) तेव्हा आंध्र नावाचं राज्य नव्हतं. तेलुगू बोलणारा मोठा मुलूख मद्रास इलाख्यात होता. मुलगा हुशार निघाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातून १८९१ साली पदवीधर झाला. त्या काळात पदवी म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा उघडाच. पण त्यांचं मन व्यापारात होतं. आधी ते कलकत्त्याला गेले आणि तिथे औषधांच्या धंद्यातले धडे गिरवले. मग आले मुंबईत. इथे एका युरोपियन व्यापाऱ्याच्या कचेरीत काम केलं. भाषा वेगळी, जेवण वेगळं, ओळखीचं कुणी नाही. आपल्या वस्तीतली कितीतरी कुटुंबं अशीच आलेली आहेत, त्यामुळे हा भाग मुलांना फार समजावून सांगावा लागत नाही.

१८९३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं. डोकेदुखी, सर्दी, अंगदुखी यांवर चोळायचा बाम. अमृत आणि अंजन, दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. वर्गात एकाने लगेच विचारलं, मॅडम, अंजन म्हणजे डोळ्यात घालायचं ना? तर मुलांना आधी हेच सांगा की नावात अंजन असलं तरी ते डोळ्याच्या आसपासही न्यायचं नाही.

आता या बामात काय असतं ते बघू, कारण इथे विज्ञान, भूगोल आणि इतिहास एकाच बाटलीत सापडतात. आजच्या बाटलीवर घटक वाचा. पुदिन्याचा अर्क म्हणजे मेन्थॉल, कापूर, गंधपुरा आणि निलगिरीचं तेल. यातलं निलगिरी हे झाड मूळचं आपलं नाहीच. ते ऑस्ट्रेलियाचं. तिथे १८५० च्या दशकात जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषध विक्रेत्याने त्याच्या पानांपासून तेल काढायचा धंदा सुरू केला. इंग्रजांनी त्याच शतकाच्या मध्याला ही झाडं दक्षिणेत उटीच्या डोंगरांत लावली, ती मुख्यतः सरपणासाठी. थंडीत शेकोट्या पेटवून पेटवून तिथलं मूळचं जंगल संपत चाललं होतं, म्हणून भराभर वाढणारं झाड हवं होतं. पुढे तिथेही पानांपासून तेल निघू लागलं आणि नीलगिरी डोंगरातून येणारं तेल म्हणून आपण त्याला निलगिरी म्हणू लागलो. झाड परदेशी, नाव मात्र आपल्या डोंगराचं. मेन्थॉल तेव्हा जगाच्या बाजारात मुख्यतः जपानहून यायचं, कापूर तैवानच्या बेटावरून. अशा काळात बंदराच्या शहरात औषधाचा धंदा थाटणाऱ्याला नजर होती, असंच म्हणावं लागेल.

हे तेल इंग्रजांच्या घरातल्या औषधाच्या पेटीत असायचंच. रुमालावर चार थेंब, गरम पाण्यात टाकून वाफ, छातीला चोळायला. हळूहळू ते आपल्या घरांतही आलं. त्या काळातली मुंबई आठवा. चाळीत एका खोलीत आठ-दहा माणसं, गिरणीतला कापसाचा भुगा, ओल, खोकला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि अर्धं शहर गावाकडे पळालं. डॉक्टर सगळ्यांना परवडणारा नव्हता. अशा ठिकाणी घरात ठेवता येईल असं औषध माणसाला केवढा आधार देत असेल. तो आधार होता, सगळ्या रोगांवरचा इलाज नव्हे. बामाने प्लेग जात नाही आणि साधी सर्दीही मुळापासून जात नाही. मेन्थॉल लावलं की गार वाटतं, कारण त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसा त्याने जाग्या होतात. थर्मामीटर लावला तर तापमान तेवढंच असतं. हा प्रयोग वर्गात करता येतो, मी केला.

पालकांसाठी इथेच एक सूचना. निलगिरीचं तेल आणि कापूर पोटात गेले तर लहान मुलांना विषारी ठरतात. थोड्याशा तेलानेही झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाला, छातीला बाम लावू नका. आपल्या आज्या लावायच्या, हे मलाही माहीत आहे. तरीही नको.

तर, नागेश्वररावांकडे औषध होतं पण गिऱ्हाईक नव्हतं. कोण कुठला मद्रासकडचा तरुण, त्याची डबी कोण विकत घेणार? त्यांनी गाण्याच्या मैफलींना येणाऱ्या लोकांना बाम फुकट वाटायला सुरुवात केली. मला ही युक्ती फार आवडते. रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकून जड झालेली डोकी तिथेच समोर बसलेली! एकदा गुण आला की माणूस दुकानात विचारणारच. डबीची किंमत दहा आणे ठेवली होती. काही ठिकाणी ती अगदी स्वस्त म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. सोळा आण्यांचा रुपया असताना रोजावर राबणाऱ्याला दहा आणे ही किरकोळ रक्कम नव्हती. पण डबी पुरायची बरेच दिवस आणि घरातली सगळी माणसं तीच वापरायची. धंदा वाढला आणि नागेश्वरराव लखपती झाले.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या यशस्वी उद्योजकाची झाली. ती इथेच संपली असती तर मी परिपाठात सांगितली नसती.

१९०७ साली सुरतेला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. टिळकांचे जहाल आणि मवाळ यांच्यात फूट पडली तेच हे अधिवेशन. नागेश्वरराव तिथे गेले होते. तिथे त्यांच्या मनाने घेतलं की देशात एवढं चाललंय ते आपल्या तेलुगू माणसाला त्याच्या भाषेत कळायला हवं. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांनी आंध्र पत्रिका हे तेलुगू साप्ताहिक काढलं. कुठून? मुंबईतून! त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्तमानपत्रात लिहिल्याबद्दल माणूस मंडालेला जातो, हे ज्या शहराने डोळ्यांनी पाहिलं, त्याच शहरात एक बाम विकणारा माणूस वर्तमानपत्र चालवायला बसला. धंदा बुडण्याची भीती त्याला नसेल का? बामाचा पैसा पत्रिकेत जात होता आणि पत्रिका ज्यांच्यासाठी होती ते बहुतेक वाचक शेकडो मैल दूर होते.

मुंबईत तेलुगू माणसं तशी पूर्वीपासून होती. कामाठीपुरा हे नाव तिकडून बांधकामावर आलेल्या कामाठ्यांवरून पडलं. पद्मशाली विणकर गिरण्यांत आले, वरळीत राहिले. भिवंडीत आणि सोलापुरात तर त्यांच्या पिढ्या गेल्या. या लोकांनी शहर बांधलं, कापड विणलं. शाळेच्या पुस्तकात मात्र ते फारसे भेटत नाहीत.

१९१४ मध्ये नागेश्वररावांनी मुक्काम मद्रासला हलवला आणि आंध्र पत्रिका दैनिक झाली. पत्रिकेचे उगादीचे खास अंक निघायचे. उगादी म्हणजे आपला गुढीपाडवा, दिवस तोच. आपल्याकडे दिवाळी अंकाचं जे कौतुक, तसं ते समजा. १९२४ मध्ये भारती हे साहित्याचं मासिक काढलं, १९२६ मध्ये आंध्र ग्रंथमाला सुरू करून तेलुगूतली जुनी-नवी पुस्तकं छापली. वाचनालयांना मदत केली. काँग्रेसचं काम केलं, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. मदत मागायला आलेला माणूस त्यांच्या दारातून रिकामा जात नसे, अशी ख्याती झाली. लोकांनी त्यांना देशोद्धारक म्हटलं, गांधीजींनी विश्वदाता म्हटलं.

नोव्हेंबर १९३७ मध्ये किनारपट्टीचा आंध्र आणि रायलसीमा इथले पुढारी एकत्र बसले आणि तेलुगू भाषकांच्या प्रांतासाठी त्यांच्यात समझोता झाला. तो झाला नागेश्वररावांच्याच श्रीबाग या घरात, म्हणून त्याला श्रीबाग करार म्हणतात. पुढे पाचच महिन्यांनी, ११ एप्रिल १९३८ रोजी, ते वारले. आंध्र राज्य त्यांनी पाहिलं नाही, ते १९५३ मध्ये झालं. भाषेवर राज्य मागायची ती वाट पुढे आपणही चाललो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यांच्याच वाढदिवशी. हा निव्वळ योगायोग, पण फळ्यावर दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा वर्गात छान कुजबुज झाली.

आता त्या मुलीबद्दल. आमची शाळा घाटकोपरची. तिचे वडील शिवणकाम करतात, घरी तेलुगू बोलतात. पहिलीपासून ती वर्गात गप्प. मागच्या वर्षीच्या पालकसभेत मी तिच्या आईला सांगितलं होतं, घरी तेलुगू बोलणं बंद करा, मराठीच बोला, म्हणजे ती सुधारेल. अगदी ठामपणे सांगितलं होतं. आईने मान डोलावली. त्यानंतर मुलगी शाळेत तर बोलली नाहीच, घरीही आजीशी बोलेनाशी झाली, कारण आजीला तेलुगूशिवाय काही येत नाही. हे मला तिच्या वडिलांनी सांगितलं, तेसुद्धा तक्रार म्हणून नाही, सहज. मला रात्री झोप लागली नाही. तिच्या भाषेतला, मुंबईशी नातं असलेला कुणी मोठा माणूस शोधायला मी तेव्हा बसले आणि नागेश्वरराव सापडले.

परिपाठात मी नाव वाचलं ते चुकीचं उच्चारलं. तिने बसल्या जागेवरून हळूच दुरुस्त केलं. मी तिला पुढे बोलावून पुन्हा म्हणायला लावलं, मग सगळ्या वर्गाने तिच्यामागून म्हटलं. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन आईला माझा जुना सल्ला मागे घेत असल्याचं सांगितलं. आजी दारातच बसल्या होत्या. नातीने तेलुगूत त्यांना काहीतरी लांबलचक सांगितलं, त्यात मला फक्त अमृतांजन हा एक शब्द कळला. आजी उठल्या, आत गेल्या आणि फळीवरची बाटली आणून माझ्या हातात दिली. त्यांना वाटलं, बाईंचं डोकं दुखतंय.