तसबीर नसलेली माणसे

आमच्या दिवाणखान्यात पूर्वजांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. त्यांच्याकडे पाहताना अलीकडे मला तोमास रिव्हेरा यांची एक कथा हटकून आठवते. कोरियाच्या युद्धात बेपत्ता झालेल्या मुलाचा एकुलता एक फोटो त्याचा बाप एका फिरत्या विक्रेत्याच्या हाती विश्वासाने देतो. मोठी तसबीर करून देतो, असे सांगून विक्रेता वस्तीतल्या सर्वांकडून पैसे घेतो व फोटो फेकून देतो. पुढे ते पावसात भिजलेले सापडतात. बाप शहरात जाऊन त्या लबाडास हुडकतो व तसबीर करावयास लावतो. ती होते, पण मुलगा दिसतो हुबेहूब बापासारखा!

रिव्हेरा यांचा जन्म २२ डिसेंबर १९३५ रोजी टेक्सासमधील क्रिस्टल सिटी येथे, मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांच्या घरी झाला. हंगाम आला की बिऱ्हाड उचलून ही माणसे आयोवा, मिनेसोटापर्यंत मजुरीस जात. मुलांच्या शाळा अर्ध्यावर राहात. तोमासही शेतांत राबला. पण शिकण्याचा हट्ट त्याने सोडला नाही. १९६९ साली ओक्लाहोमा विद्यापीठाने त्यांस डॉक्टरेट दिली. १९७० साली पहिले किंतो सोल पारितोषिक त्यांस मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे स्पॅनिश भाषेतील कथांचे पुस्तक निघाले.

त्यात तहानलेला एक मुलगा गुरांच्या टाकीवर पाणी पिताना मालकाच्या गोळीने मरतो. दुसऱ्या कथेतला मुलगा बाप व धाकटा भाऊ उन्हाने कोसळलेले पाहून देवालाच शिव्या देतो. आता धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेणार, या भीतीने तो थबकतो. धरणी मात्र पायाखाली घट्टच राहते.

१९७९ साली रिव्हेरा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचे प्रमुख झाले. त्या विद्यापीठात या पदावर पोचलेले ते पहिले मेक्सिकन वंशाचे गृहस्थ. १६ मे १९८४ रोजी, अवघ्या ४८व्या वर्षी, ते वारले.

आमचे पणजोबा देशावरून इकडे आले, तेव्हा एक गडीही बरोबर आला होता, एवढे आजी सांगत असे. तिनेही त्याचे नाव कधी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही. भिंतीवर त्याची तसबीर नाही. रिव्हेरा वाचल्यापासून तेवढी जागा मला रिकामी दिसते.