होमी भाभा : विज्ञानाच्या घरातील चित्रे

डॉ. होमी भाभा हे नाव शाळेत आपण अणुभट्टीबरोबर पाठ केलेले असते. मी कलाशाखेचा विद्यार्थी, अणूशी माझा संबंध परीक्षेपुरता. परंतु महाविद्यालयाच्या सहलीत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था पाहिली आणि हा माणूस निराळाच वाटू लागला. (आपल्या खडकीजवळ, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात असलेले रेडिओ खगोलभौतिकी केंद्र याच संस्थेचे, हे किती जणांना ठाऊक असेल?)

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या सधन पारशी घराण्यात झाला. घरात ग्रंथ, चित्रे, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या. आत्या सर दोराबजी टाटांची पत्नी. आमच्या घरी चित्र म्हणजे वाण्याने दिलेले कॅलेंडर. तेव्हा तुलना नकोच. एक गोष्ट मात्र ओळखीची वाटली. मुलाने केंब्रिजला अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन पदार्थविज्ञानात. शेवटी तोड निघाली : आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग, मग गणित. १९३० साली त्यांनी ही अट पुरी केली. माझे वडील येथील दारूगोळा कारखान्यात कामगार. मी आय. टी. आय.ला न जाता बी. ए.ला नाव घातले, तेव्हा आमच्याकडे तोड निघाली नाही, महिनाभर अबोला होता.

पुढे विश्वकिरणांवरील संशोधनाने भाभांचे नाव झाले. १९३९ मध्ये ते सुट्टीवर आले असता युद्ध पेटले आणि ते इकडेच राहिले. बंगलोरला रामन यांच्या विभागात त्यांनी काम केले. १९४४ साली टाटा विश्वस्तांना पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली आणि पुढच्याच वर्षी ती सुरूही झाली.

कुलाब्याच्या इमारतीचे उद्घाटन नेहरूंच्या हस्ते १९६२ साली झाले. वास्तुशिल्पी अमेरिकेतले, हेल्मुट बार्ट्श. सरळ रेषा, हिरवळ आणि पलीकडे समुद्र. घुमट नाही, कमान नाही. विद्यापीठाच्या मनोऱ्याला सरावलेल्या आमच्या काही मित्रांना ती ओकीबोकी वाटली. मला तिच्यातला उजेड आवडला. आत मकबूल फिदा हुसेन यांचे सुमारे ४५ फूट लांबीचे भित्तिचित्र आहे, 'भारत भाग्यविधाता'. ते एका नजरेत मावत नाही, त्याच्या कडेने चालत जावे लागते. भिंतीभिंतीवर आणखी चित्रे. भाभा स्वतः चित्रे काढीत, संस्थेसाठी चित्रे पारखून घेत, आणि बांधकामाच्या वाटेत आलेले मोठे झाड तोडण्याऐवजी मुळासकट दुसरीकडे लावून घेत.

परतताना गाडीत वाद रंगला. गरीब देशाच्या पैशातून गणितज्ञांना चित्रे कशाला? बहुमत याच बाजूचे होते. मी विरुद्ध बोललो. हुसेन यांनी पोटासाठी सिनेमाचे फलक रंगवले होते. तिथे ज्यांची चित्रे आहेत ते के. एच. आरा एके काळी मुंबईत मोटारी धूत. अशांची चित्रे फार मोल नव्हते त्या काळात भाभांनी विकत घेतली आणि देशातल्या नामांकित शास्त्रज्ञांच्या रोजच्या वाटेवर लावली. याला मी श्रीमंती षोक म्हणणार नाही. कामगाराच्या पोराला तिथे परके वाटत नाही, ते या चित्रांमुळे.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचे विमान कोसळले, त्यात भाभा गेले. वय अवघे छप्पन्न. अविवाहित होते.

संस्था नौदलाच्या वसाहतीलगत आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी आगाऊ परवानगी काढावी आणि भित्तिचित्रासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा. आम्हांला दहाच मिनिटे मिळाली.