विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेरचे कॉलेज

अमेरिकेत रुग्णालयातील परिचारिका, कारखान्यातील यंत्रचालक, कचेरीतील हिशेबनीस अशा कितीतरी लोकांचे उच्च शिक्षण विद्यापीठांच्या भव्य इमारतींत नव्हे, तर आपल्याच जिल्ह्यातील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात होते. तेथे शुल्क बेताचे असते, वर्ग संध्याकाळीही भरतात आणि प्रवेशाला गुणांची चाळणी सहसा नसते. या व्यवस्थेच्या मुळाशी हिब्रूचा एक व्यासंगी पंडित उभा आहे, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल.

विल्यम रेनी हार्पर यांचा जन्म जुलै १८५६ मध्ये ओहायो राज्यातील न्यू कॉन्कर्ड या लहानशा गावी, एका दुकानदाराच्या घरी झाला. दहाव्या वर्षी ते गावच्या मस्किंगम कॉलेजात दाखल झाले, चौदाव्या वर्षी पदवीधर झाले आणि पदवीदानाच्या वेळी त्यांनी चक्क हिब्रूतून भाषण केले. पदवी मिळाली तरी पुढे काय, हा प्रश्न या अलौकिक बुद्धीच्या मुलालाही सुटला नाही. काही काळ तो वडिलांच्या दुकानातच राबत होता. पुढे १८७५ मध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी येल येथे डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषय होता लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि गॉथिक या भाषांतील संबंधदर्शक अव्ययांची तुलना!

असा विद्वान ग्रंथालयात रमून गेला असता तर कोणी दोष दिला नसता. पण हार्पर यांना शिकविण्याचा ध्यास होता. शिकागोजवळच्या मॉर्गन पार्क येथे असताना त्यांनी टपालाने हिब्रू शिकविण्यास आरंभ केला. रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या शिकागो विद्यापीठाचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि १ ऑक्टोबर १८९२ रोजी तेथील वर्ग सुरू झाले, तेव्हा पत्रद्वारा शिक्षण व बहिःशाल अध्यापन यांनाही त्यांनी आरंभापासूनच जागा दिली.

पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन भागांत विभागला. १८९६ पासून हे भाग ज्युनिअर कॉलेज व सीनिअर कॉलेज या नावांनी ओळखले जाऊ लागले. (महाराष्ट्रात अकरावी-बारावीला हेच नाव मिळाले, अर्थ मात्र निराळा.) दोन वर्षे पुरी करणाऱ्यास १९०० पासून असोसिएट ही पदवी मिळू लागली. मध्येच थांबणाऱ्या विद्यार्थ्याला अपयशी न म्हणता सन्मानाने निरोप देण्याची ही सोय होती. मात्र हार्पर यांचा हेतू केवळ लोककल्याणाचा होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आरंभीच्या दोन वर्षांचे ओझे इतरत्र गेले, तर विद्यापीठाला संशोधनासाठी मोकळीक मिळेल, हा हिशेबही त्यात होताच. दुर्बळ लहान कॉलेजांनी चार वर्षांचा हट्ट सोडून दोन वर्षांचेच शिक्षण नीट द्यावे, असे त्यांनी १९०० मध्ये उघडपणे सुचविले.

त्यांच्या प्रेरणेने जोलिएट येथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांनी १९०१ मध्ये हायस्कूललाच जोडून महाविद्यालयीन वर्ग काढला. विद्यार्थी होते अवघे सहा. पण घरी राहून, गावच्याच शाळेत, विद्यापीठाच्या तोडीचे शिक्षण घेता येते, हे त्या सहा जणांनी सिद्ध केले. धंदेशिक्षणाचा भाग या कॉलेजांत नंतर जोमाने वाढला आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने कम्युनिटी कॉलेज हे नाव देशभर रूढ केले. या कॉलेजांवर आक्षेपही आहे. गरिबाच्या मुलाला ती विद्यापीठाकडे नेतात, की गोड शब्दांत तेथून परत फिरवितात, असे टीकाकार विचारतात. हार्पर यांच्या योजनेतच हे दोन्ही धागे होते, त्यामुळे हा आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही.

हे सारे पाहण्यास ते राहिले नाहीत. कर्करोगाने ग्रासले असतानाही त्यांनी काम सोडले नाही. आमोस आणि होशेय या संदेष्ट्यांवरील त्यांचे भाष्य १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. १० जानेवारी १९०६ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शिकागोच्या वायव्येस पॅलाटाइन येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कम्युनिटी कॉलेजाला त्यांचे नाव आहे. हिब्रूच्या या पंडिताच्या नावाने चालणाऱ्या कॉलेजात रुग्णसेवेचे शिक्षण दिले जाते.