सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : मुंबई, १२ नोव्हेंबर १८९६, मृत्यू : मुंबई, २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ व लेखक होते. पक्षी मारून जमवण्यापेक्षा जिवंत पक्ष्याचे शांतपणे निरीक्षण करण्याची परंपरा भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ही आवड त्यांना बालपणीच लागली होती.

== बालपण ==
नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आई-वडील दोघांचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी गिरगावातील खेतवाडीत त्यांचा सांभाळ केला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्यांचा खेळ होता. तबेल्यातील एका घरट्यापाशी बसणारा नर त्यांनी मारला, तेव्हा मादीने लवकरच दुसरा जोडीदार मिळवला. आठवडाभरात असे आठ नर मारले गेले. शिकारीच्या या नोंदीतच निरीक्षणाचे बीज होते.

एकदा मारलेल्या चिमणीचा गळा पिवळा दिसला. तिच्याविषयी विचारताच मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी मुलाची शंका गांभीर्याने घेतली, संग्रहातील पक्ष्यांचे नमुने दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. या भेटीने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

== शिक्षण व संशोधन ==
प्रकृतीच्या तक्रारींमुळे शाळेत वारंवार खंड पडला. १९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसाय सांभाळला. विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पद त्यांना मिळाले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते मार्गदर्शक-व्याख्याता झाले. १९२८ मध्ये रजा घेऊन त्यांनी बर्लिन येथे एर्विन श्ट्रेसमान यांच्याकडे अभ्यास केला. १९३० मध्ये परतल्यावर निधीअभावी त्यांचे पद रद्द झाल्याचे कळले.

तेव्हा ते पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पारखते व पसंत पडल्यास नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तोच नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे बांधू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. नोकरी गेल्याच्या काळातील हे काम त्यांच्या ख्यातीचा पाया ठरले.

== लेखन व सन्मान ==
‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ (१९४१) या रंगीत चित्रांच्या पुस्तकामुळे सामान्य वाचकालाही अंगणातील पक्षी नावानिशी ओळखता येऊ लागले. लईक फतेहअली यांच्यासह लिहिलेले ‘कॉमन बर्ड्‌स’ (१९६७) नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केले. सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह केलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) या आत्मचरित्राच्या नावात बालपणीची ती चिमणी आहे. त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे किताब मिळाले. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली.

== स्मृती ==
त्यांचा जन्मदिवस भारतात पक्षिनिरीक्षण दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून, म्हणजे ५ नोव्हेंबरपासून, १२ नोव्हेंबरपर्यंत पक्षिसप्ताह साजरा होतो.