तोंडाला पाणी का सुटते? – इव्हान पावलोव्ह



मिसळीच्या कटाचा वास आला की आपल्या कोल्हापुरात कुणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही? हे पाणी म्हणजेच लाळ. या लाळेचे थेंब मोजता मोजता जगप्रसिद्ध झालेल्या इव्हान पावलोव्ह यांची आज ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म १८४९ साली रशियातील रियाझान गावी झाला. वडील चर्चचे धर्मगुरू. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत पावलोव्ह शाळेतच गेले नाहीत! पुढे धर्मगुरूचे शिक्षण अर्ध्यावर सोडून १८७० मध्ये ते विज्ञान शिकायला सेंट पीटर्सबर्गला गेले. लग्नानंतरही बरीच वर्षे हलाखीत काढली, पण प्रयोग सोडले नाहीत.

कुत्र्याच्या गालातून नळीवाटे लाळ बाहेर आणून ते ती मोजत. कोरडे अन्न दिले की लाळ भरपूर सुटे. तोंडात वाळू टाकली की ती धुऊन काढायला पातळ लाळ येई. खडे मात्र थुंकता येतात, म्हणून त्यांना लाळ जवळपास नाहीच. बघा, शरीर किती हिशेबी! पचनावरील संशोधनासाठी १९०४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या हेही लक्षात आले होते, की खाऊ घालणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्याला लाळ सुटते. म्हणजे पचनाची तयारी घास तोंडात जाण्याआधीच, मेंदूपासून सुरू होते. भूक आणि खाण्याची ओढ यांमुळे पोटातला पाचक रसही पाझरू लागतो, हे त्यांनीच दाखवून दिले.

या कामी कुत्र्यांनी खूप सोसले. १९३५ मध्ये पावलोव्ह यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ८६ व्या वर्षी, पावलोव्ह यांचे निधन झाले.

आता आपल्या वर्गात या. खिचडीची घंटा झाली की पोरांचे चेहरे कसे खुलतात! आणि मी? कित्येक वर्षे डबा खाणाऱ्या पोरांवर "आटपा लवकर" म्हणून ओरडत होते. भीतीने तोंड कोरडे पडते; मग घास गिळायचा कसा? लाळेने घास मऊ होतो, चव कळते आणि भाकरीतल्या पिष्टाचे पचन तोंडातच सुरू होते. भाकरीचा तुकडा सावकाश चावायला सांगा, हळूहळू गोड लागेल. हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्या.

आणि जेवताना मुलांना रागावू नका. मी आता सोडलंय.