बँकेतून अर्थखात्याकडे

राजकारणातून सहकारी बँकेत शिरण्याची वाट महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. वैकुंठभाई मेहता (१८९१–१९६४) यांची वाट नेमकी उलटी होती. विठ्ठलदास ठाकरसी आणि वैकुंठभाईंचे वडील लल्लुभाई सामळदास यांनी १९११ साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन केली. वैकुंठभाई ऐन विशीत तिच्या कारभारात आले आणि तीन दशकांहून अधिक काळ तेथेच राहिले.

या बँकेच्या आरंभीच्या शाखांपैकी एक बारामतीस निघाली, हा योगायोग नव्हे. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात पाणी आणले, पाण्यामागोमाग ऊस आला. परंतु खत, मजुरी व पाणीपट्टी यांचा खर्च आधी आणि उत्पन्न वर्ष-दीड वर्षाने, अशा पिकात शेतकरी सावकाराच्या कचाट्यातून सुटत नव्हता. पाण्याला पतपुरवठ्याची जोड हवी होती. सभासदांनी परस्परांच्या कर्जाची जबाबदारी घ्यावी, या तत्त्वावरील सोसायट्यांमार्फत ती मिळू लागली.

१९४६ साली खेर मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना शासकीय भागभांडवलाच्या साहाय्याने उभा राहिला. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

सत्तेपूर्वी त्यांनी इतरांच्या ठेवी राखल्या होत्या. कर्ज देणे व ते वसूल करणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे होत, हा त्या अनुभवाचा अर्थ. थकबाकीने खचलेल्या जिल्हा बँकांना आज उणीव आहे ती याच जाणिवेची. वसुली टाळून मते मिळतील, पत मिळणार नाही.